सात दिवस मोफत, मग आपोआप पैसे: हे बसवायचं कसं?

फोंड्याची पेटीवाली:
मी फोंड्याला पेटी शिकवते. नाट्यगीतांच्या साथीचे धडे रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवलेत, महिना ३९९ रुपये. शिकणारे बरेचसे पुण्या-मुंबईचे, काही दुबईत. पहिले सात दिवस फुकट, मग पैसे आपोआप कापले जावेत असं करायचंय. साइट बनवणारा म्हणतो, "कार्ड आधीच घेऊन ठेवू. लोक रद्द करायला विसरतात, त्यातच कमाई." मला ते पटत नाही. यातली निम्मी माणसं चवथीला गावी येतात, समोरासमोर भेटतात! पण दर महिन्याला "फी राहिली हं" असे मेसेज टाकूनही जीव विटलाय.

म्हापसेकर:
बाई, विसरण्यावरची कमाई इथे फारशी होत नाही. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आपोआप कपातीला ग्राहकाने दिलेल्या ऑनलाइन परवानगीचे, नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि तेव्हाच तो नको म्हणू शकतो. नोंदणीला एकदा ओटीपी किंवा पिन लागतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंत लागत नाही, म्हणजे ३९९ला काहीच अडचण नाही.

यूपीआय ऑटोपे ठेवाच. गेटवेत, म्हणजे साइटवर पैसे घेणाऱ्या सेवेत, प्लॅन बनवा आणि सबस्क्रिप्शन सुरू होण्याची तारीख सात दिवस पुढची घाला. मँडेटची कमाल रक्कम मात्र नीट बघा. वेबवाले सोयीसाठी ५,००० टाकून मोकळे होतात आणि फोनवर तो आकडा दिसला की माणूस तिथूनच पळतो. नोंदणीवेळी किरकोळ रक्कम कापून परत येत असेल तर तेही पानावर लिहा, नाहीतर पहिला फोन त्याचाच येईल. आणि सात दिवसांनंतरचे धडे उघडायचे ते गेटवेकडून पैसे जमा झाल्याचा वेबहुक, म्हणजे साइटला आपोआप येणारा निरोप, आल्यावर. खात्यात शिल्लक नसली की कपात फसते, हे महिनाअखेरीला हमखास होतं.

पणजीहून सीए:
एक भर घालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांची, जी यादी काढली, तीत सबस्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे वर्गणीत अडकवून ठेवणं, आहे. रद्द करण्याचं बटण लपवणं त्यात येतंच, पण मोफत सेवेसाठी कार्ड किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणंही येतं. तेव्हा तुमच्या वेबवाल्याची युक्ती नुसती अप्रामाणिक नाही, अंगाशी येणारी आहे.

फोंड्याची पेटीवाली:
मग सात दिवस फक्त फोन नंबरवर देते. आठव्या दिवशी धडे बंद, शिकायचं असेल त्याने मँडेट करावं. थोडे कमी येतील, येऊ देत. दुबईवाल्यांचं काय?

म्हापसेकर:
ती २४ तासांची सूचना भारतात दिलेल्या कार्डांची आणि यूपीआयची. दुबईच्या कार्डासाठी गेटवेकडून आंतरराष्ट्रीय पेमेंट वेगळं चालू करून घ्या आणि कपातीआधीचा मेल तुम्हीच पाठवा, रद्द करण्याची लिंक त्यातच घालून.