वादळानंतर खाडीकाठच्या गावांत मदत न्यायची आहे: वजन, होडी, पाणी यांचं गणित तपासून द्या

घाटावरचा
नमस्कार मंडळी. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांचा अनुभव बघता पुढच्या वेळी ऐनवेळी धावपळ नको, म्हणून आत्ताच आखणी करतोय. आम्ही १२ जण, दोन पिकअप. बाणकोट खाडीच्या श्रीवर्धन बाजूची दोन गावं आणि खाडीत आत एक आदिवासी वाडी धरली आहे, मिळून १२० घरं. रस्ता बंद असेल तर शेवटचा टप्पा होडीने.

प्रत्येक घराला किट: तांदूळ २० किलो, गहू १०, डाळ ३, साखर २, तेल २ लिटर, वर चादर आणि जमवलेले कपडे. अंदाजे ४० किलो. बाटलीबंद पाणी वेगळं. शिवाय ताडपत्र्या. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

बंदरकाठ
चुकतंय ते वजन. तुम्ही पिकअपपासून हिशेब सुरू केलात, तो होडीपासून करायला हवा.

१२० × ४० म्हणजे ४८०० किलो. दीड टनाच्या दोन पिकअपमध्ये हे एका खेपेत बसतच नाही. पण ते सोडा. साधी फायबर होडी, मागे इंजिन, तीन माणसं. तिच्यात साडेतीनशे किलोच्या वर माल घालू नका. ४० किलोची आठच किटं जातील, म्हणजे १५ फेऱ्या. तेच किट २२ किलोचं केलंत तर १५ किटं, आठ फेऱ्या. होडीचा काठ पाण्यापासून हातभर वर राहिलाच पाहिजे. कमी राहिला तर माल उतरवा, कोणाचंही ऐकू नका.

आता वेळ. खाडीत आतल्या धक्क्याला होडी लागते ती पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे फार तर दोन तास. एका फेरीला चढवण-उतरवण धरून पाऊण तास, म्हणजे एका भरतीत एका होडीच्या पाच फेऱ्या. आठ हव्यात तर दोन होड्या. ओहोटी लागल्यावर "ही शेवटची फेरी" करायला गेलात की होडी गाळात बसते आणि पुढचे सात-आठ तास तुम्ही तिवरांत डास मारत बसता.

भरतीची वेळ मोबाईलवर बघू म्हणाल, तर टॉवर बंद असतो. जुना हिशेब पाठ करा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, तेरसेला पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत जाल तसं आणखी उशिरा. रोज साधारण ५० मिनिटं पुढे. निसर्ग आलं त्या दिवशी तेरस होती, पौर्णिमा दोन दिवसांवर, आणि ते किनाऱ्याला लागलं दुपारी, पाणी ओसरत असताना. तीन तास आधी आलं असतं तर उधाणाची भरती आणि वादळाचं पाणी एकावर एक चढून खारबांधांवरून (खारं पाणी अडवणाऱ्या बांधांवरून) आत गेलं असतं. म्हणून आखणीत "रस्ता कोरडा आहे" असं धरू नका. बांध एकदा फुटला की गावात दिवसातून दोनदा पाणी येतं.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जूनमध्ये वादळ आलं तर होड्या वर ओढून शाकारलेल्या आणि इंजिनं उतरवून घरात. "गावात होडी मिळेल" हे गृहीत धरायचं नाही. कोणत्या दोन होड्या, कोण तांडेल (होडी चालवणारा), इंजिन कुठे ठेवलंय, हे मे महिन्यात ठरवून ठेवा. तांडेल गावचाच हवा. डोल जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट कुठे आहेत ते त्यालाच माहीत.

रिकामी_गोणी
२२ किलोचं किट असं. पाच माणसं, सात दिवस, माणशी रोज २१०० कॅलरी म्हणजे ७३,५०० लागतात. तांदूळ १० किलो, पीठ ५, तूरडाळ २, तेल १ लिटर, साखर १, पोहे १. हे सगळं मिळून ७४ हजारांच्या आसपास भरतं. वर मीठ १ किलो, तिखट, हळद, चहा, काडेपेट्या.

गहू अजिबात नको. गिरणी विजेवर चालते, आणि निसर्गनंतर कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. पीठच द्या, आणि निम्मं तांदळाचं दिलंत तर खाली कोकणातल्या लोकांना भाकरीला उपयोगी.

पहिल्या दोन दिवसांचं मात्र वेगळं बांधा. सरपण भिजलेलं असतं, चूल पेटत नाही. चिवडा, चिक्की, खजूर, बिस्किटं, घरटी दोन किलो, आणि हे पहिल्या होडीत.

बांधणीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. तेलाची पिशवी तांदळाखाली फुटते, म्हणून बाटली घ्या आणि ती वर उभी ठेवा. मिठाला पाणी सुटतं, त्याला दुहेरी पिशवी. आणि साबण किंवा कपडे धुण्याची पावडर पिठाच्या गोणीत टाकली की दोन दिवसांत भाकरीला तिचा वास येतो, ते सामान वेगळ्या गोणीत. आतून जाड प्लास्टिक, बाहेरून विणलेली गोणी, तोंड सुतळीने. खोका नको, तळ भिजला की सुटतो.

जुने कपडे घरीच राहू देत. ओले ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजतात आणि उचलायचं काम सरपंचाच्या गळ्यात पडतं. नवे टॉवेल, आतले कपडे, सॅनिटरी पॅड एवढंच न्या.

टीसीएल
बाटलीबंद पाण्याबद्दल. पिण्या-रांधण्याला माणशी रोज तीन लिटर धरलं तर १२० घरांना (६०० माणसं) दिवसाला १८०० लिटर लागेल. तुमच्या होडीच्या पाच-सहा फेऱ्या फक्त पाण्याच्या. एका दिवसापुरतं न्या, पुढचं पाणी गावातच तयार करा.

विहिरीला हजार लिटरमागे ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर). व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, मापं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी: २८ हजार लिटर, १४० ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने ढवळा. एक तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची). पिवळा रंग आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा. पुराच्या गढूळ पाण्याला दोन-तीनदा द्यावा लागतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पावडर ताजी, घट्ट झाकणाच्या डब्यातली घ्या. उघड्या पोत्यातली दमट हवेत मरते, रंग येतच नाही आणि लोकांना वाटतं डोस कमी पडला.

टीसीएलने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. समुद्राचं पाणी शिरलेली विहीर पंप लावून तळापर्यंत उपसण्याचा उत्साह टाळा. किनाऱ्यालगत उपसा जोरात केला की खालून आणखी खारं पाणी ओढलं जातं, कच्ची विहीर असेल तर ढासळतेही. अशा गावाला वरच्या अंगाच्या गोड्या विहिरीचं पाणी टाकीने आणणं हाच मार्ग.

लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी) डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या स्वतः वाटू नका. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फतच. ओआरएसच्या पुड्या आशाताईंकडे द्या, एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच.

घाटावरचा
गहू आणि कपडे काढले. पाण्याचा हिशेब बघून घाम फुटला. जनरेटर न्यावा का? आणि ताडपत्री कुठली?

कोनकौल
ताडपत्री २४ × १८ फुटांची, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) वरची. पातळ निळी घेऊ नका, आठवड्यात चिरते. दर नगाला ८ मिमीची नायलॉन दोरी ३० मीटर. नुसती ताडपत्री देऊन निघून येणं म्हणजे अर्धं काम.

बांधायची अशी: आढ्यावरून दोन्ही पाखांवर समान टाका. खालच्या कडेला बांबू गुंडाळा आणि तो बांबू वाशांना बांधा. रिपांना (कौलांखालच्या पट्ट्यांना) नको, त्या वाऱ्याने उचकटतात. ताडपत्रीचे डोळे (दोरीची भोकं) फाटतात, म्हणून कोपऱ्यात सुपारीएवढा गोल गोटा कापडात धरून त्याच्या मानेला दोरी आवळा. खिळा ठोकलात की तिथूनच फाटायला सुरुवात. ओल्या कौलांवर चप्पल घालून चढू नका, आणि तारा लोंबत असतील तर शिडी लावूच नका. पडझड आवरण्याआधी घराचे फोटो काढायला सांगा, पंचनाम्याला लागतात.

बंदरकाठ
जनरेटर न्या, पण काय चालवायचंय ते आधी ठरवा. मोबाईल चार्जिंग आणि दिव्यांना १ केव्हीए पुरतो. पाण्याचा पंप चालवायचा असेल तर तो सुरू होताना तिपटीच्या आसपास ओढतो. २ एचपीला ५ केव्हीए धरा, आणि तो होडीत चढवायला चार माणसं. घराच्या बोर्डात उलटी वीज सोडण्याचा जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा. तिकडे खांबावर वायरमन असतो. मशीन उघड्यावरच ठेवा, पडवीतही नाही.

पेट्रोल घाटावरूनच भरून आणा, वीज नसली की पेट्रोल पंपही बंद. टू-स्ट्रोक इंजिनाला लिटरमागे २० मिली ऑइल. सोबत जादा शिअर पिन (इंजिनाच्या पंख्याची), प्लग, पाना, दोन वल्ही. पाण्याखाली माडाची खोडं, कुंपणाची तार आणि जाळी असतात, पंख्यात अडकलं की पिन तुटणारच.

रिकामी_गोणी
वाटपाचं राहिलं. निघण्याआधी तहसील कार्यालयात किंवा १०७७ वर कळवा, नाहीतर त्याच गावात तिघांचे टेम्पो उभे राहतात. यादी शिधापत्रिकेवरून करू नका, चुलीवरून करा. एका घरात तीन चुली असतात, वाडीवर कित्येकांकडे कार्डच नसतं. तलाठी, पोलीस पाटील आणि बचतगटातल्या दोन बायका मिळून आदल्या दिवशी कुपनं वाटतील. आणि वाडीची होडी आधी सोडा. गावातला माल संपल्यावर वाडीला जायला भरती उरत नाही.

घाटावरचा
वाडीला धक्का नाही, नुसता चिखल आहे. गोण्या उतरवायच्या कशा?

बंदरकाठ
सहा-सहा फुटी फळ्या चार, नाहीतर झावळ्यांचा थर. किनाऱ्यापर्यंत माणसांची साखळी लावा, दर दोन हातांवर एक माणूस, किट हातोहात. होडी नांगरावर, नाळ (पुढचं टोक) बाहेरच्या बाजूला.