बेडरूमच्या भिंतीला बुरशी, मुलीचा खोकला थांबेना. लवकर सांगा

पिंट्याची_आई: दोनदा खरवडून रंग दिला, पावसाळ्यात परत काळे ठिपके. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव आलीय. मुलगी रात्रभर खोकते. वॉटरप्रूफ रंग कुठला चांगला तेवढंच सांगा, पेंटर उद्या येतोय.

कृष्णाकाठ: २०१९ च्या पुरात पाणी शिरलेलं का? आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घराच्या भिंती दोन उन्हाळे गेले तरी खालून ओल्याच होत्या. २०२१ ला परत तेच.

पिंट्याची_आई: विश्रामबाग, दुसरा मजला. पूर कुठून येणार ओ?

साइटवाला: मग हे आधी सांगायचं ना! पेंटरला थांबवा. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे वर्षभरात पोपडे. भिंतीच्या पलीकडे काय आहे?

मास्तर_निवृत्त: काळी बुरशी?? कोरोनात लोकांचे डोळे काढावे लागले. आजच घर सोडा.

गोळ्याऔषधं: मास्तर, घाबरवू नका. तो म्युकरमायकोसिस, बहुतेक शुगर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटना झाला. भिंतीवरचे ठिपके म्हणजे तो नव्हे. पण या बुरशीचे कण श्वासात जाऊन ॲलर्जी होते, दमा उसळतो. मुलीच्या छातीत शिट्टी वाजते का? वय किती?

पिंट्याची_आई: सात. पहाटे वाजते थोडी.

गोळ्याऔषधं: बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उद्याच. आज तिला दुसऱ्या खोलीत झोपवा.

आजीचा_बटवा: रोज कडुलिंबाचा पाला आणि ऊद जाळा. आमच्याकडे चाळीस वर्षं बुरशी नाही.

गोळ्याऔषधं: खोकणाऱ्या पोरीला धूर?

आजीचा_बटवा: आमची मुलं त्यातच वाढली.

साइटवाला: भिंतीचं राहिलं. पलीकडे काय?

पिंट्याची_आई: बाथरूम. आत्ता कपाट सरकवलं. मागची भिंत गार, बोट दाबलं की प्लास्टर भुसभुशीत. शॉवरच्या नळाच्या उंचीपासून खाली ओघळ.

साइटवाला: आतला जोड गळतोय. प्लंबर आधी, भिंत पूर्ण सुकली की मग पेंटर. कपाट वीतभर पुढे ठेवा. पावसात कपडे त्याच खोलीत वाळत घालता का?

पिंट्याची_आई: मग कुठे घालू?

मास्तर_निवृत्त: ब्लीच आणि संडासाचं ॲसिड मिसळून मारा, एका दिवसात साफ.

गोळ्याऔषधं: अजिबात नको! क्लोरीन वायू सुटतो. साबणाच्या पाण्यानं पुसा, तोंडाला मास्क, खिडकी उघडी.

कृष्णाकाठ: विश्रामबागेत टू बीएचके काय भावानं जातोय सध्या?

पिंट्याची_आई: प्लंबर रविवारी येतो म्हणतोय. पेंटर ॲडव्हान्स परत देईना.