मुलगा रात्री झोपत नाही, शाळेतून रोज तक्रार

कोथरूडची आई: मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. रात्री साडेअकरा वाजले तरी गादीवर वळवळ, पाय चादरीवर घासत राहतो, आणि सकाळी सातच्या स्कूल बससाठी उठवताना रोज रडारड. बाई म्हणतात एका जागी बसत नाही, काल तर चिडून कंपासपेटी फेकली. सासूबाई म्हणतात लाडावलाय. काय करू कळत नाही हो.

सिंहगड रोड: अगं लाडाचा काही संबंध नाही. या वयात ९ ते १२ तास झोप लागते, आपण झोप कमी झाली की पेंगतो पण मुलं उलट जास्त उधळतात. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? माझ्या लेकीचे अ‍ॅडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी, त्यांनी श्वास अडून झोप मोडते) वाढले होते आणि आम्ही वर्षभर तिलाच ओरडत बसलो, अजून वाईट वाटतं.

हडपसरचा बाबा: पाय घासतो हे डॉक्टरांना नक्की सांगा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायचं का विचारा, लोह कमी असलं तरी असं होतं. मनाने टॉनिक नको. आणि एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) म्हणायला लक्षणं घरी-शाळेत दोन्हीकडे, ६ महिने तरी दिसावी लागतात.

कोथरूडची आई: घोरतो हो, सर्दी नसताना पण! उद्याच नंबर लावते.