नवे बूट घेतले तरी नडगी दुखते, बोटं बधीर होतात. लवकर सांगा

खाकी_हवी
पोलीस भरतीची तयारी चालू आहे, ग्राउंड (मैदानी चाचणी) तोंडावर आलंय. जुने बूट फाटले म्हणून नवे आणले. दुकानदार म्हणाला सगळे हेच नेतात. पळायला लागलं की थोड्या वेळात बोटं बधीर होतात आणि नडगी ठणकते. दुसरा कोणता घेऊ? फक्त नाव सांगा, भाषण नको.

केळीवाला_रावेर
नाव काय सांगू डोंबल? नंबर किती, बजेट किती, पळता कुठं, हे कोण सांगणार?

धुळेकर_भो
बूट फेकून दे भो, अनवाणी पळ. आम्ही शेताच्या बांधावर पळूनच मोठे झालो. अबेबे बिकिला 1960 ला रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला होता. बूट म्हणजे कंपन्यांचा धंदा.

तापीकाठ
धुळेकर, अर्धीच गोष्ट सांगू नका. तोच बिकिला 1964 ला टोकियोत बूट घालून जिंकला. आणि ज्याला जन्मभर सवय नाही त्यानं भरतीच्या तोंडावर अनवाणी सुरुवात केली तर पोटऱ्या आणि टाच दोन्ही कामातून जातील. आपल्याकडचे गोखरू अन् बाभळीचे काटे वेगळेच.

खाकी_हवी
नंबर 7. रोडवर पळणं होतं. बजेट दोन-अडीच हजार. आता सांगा.

पळतोय_कधीचा
7 कोणता? बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर यूके, यूएस, ईयू असे वेगवेगळे आकडे असतात. ते बघून लिहा. चपलेचा नंबर किती तेही. आणि दादा, भरतीच्या 1600 मीटरला टाइम किती येतो?

उन्हाळकांड्या
नडगी दुखते म्हणजे तळवे सपाट असणार. ओल्या पायानं फरशीवर उभं राहा, अख्खा पंजा उमटला तर सपाट. लष्करात यावरून मेडिकलला अडवतात, सांगून ठेवतो.

तापीकाठ
इथं लष्कराचं कोणी विचारलं? उगाच घाबरवता. ओल्या पायाच्या ठशावरून बूट निवडायची पद्धत जुनी आहे, तिच्या भरवशावर दुखापत टळते असं काही नाही. पायात घातल्यावर ज्यात पळायला सगळ्यात सोपं जातं तो घ्यावा.

खाकी_हवी
दादा नाही, ताई. आम्हा मुलींना 800 मीटर असतं. लेबलवर यूएस 7, यूके 5 आहे. चप्पल 6 नंबरची. पळायचा बूट एक नंबर मोठा घ्यावा असं ऐकलं होतं म्हणून 7 मागितला. घट्टच वाटत होता, पण दुकानदार म्हणाला आठ दिवसांत सैल होतो.

पळतोय_कधीचा
ताई, सापडलं मग. आपल्याकडं चपलेचा नंबर बहुधा यूके धरून असतो. दुकानदारानं डब्यावरचा यूएस 7 बघून दिला, म्हणजे मोठा मागून चपलेपेक्षाही लहान हातात पडला. कापड थोडं सैलावतं, लांबी वाढत नाही. बोटं दाबली जातात म्हणून बधीर. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा आणि सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरायचा. बुटात पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पळताना घालता तेच मोजे न्या. आणि यूके आकडा बघूनच मागा.

केळीवाला_रावेर
त्यात पंजा रुंद असेल तर मुलींच्या बुटात पुढचा भाग अरुंद पडतो. माझ्या बहिणीला मुलांचा यूके 6 चांगला बसला. दुकानदार हसतो, हसू द्या. गुलाबी मिळत नाही एवढंच.

सावलीत_बसलेला
माझ्या वडिलांना शुगर आहे, रोज मेहरूण तलावाला चक्कर मारतात. त्यांना कोणता बूट चालेल?

उन्हाळकांड्या
ग्राउंडच्या आधी किती केळी खावीत यावर पण कोणी लिहा.

केळीवाला_रावेर
एक. पळायच्या तासभर आधी. आमच्याकडची असेल तर अर्धीच पुरते.

नर्सताई_जळगाव
बोटांचं कळलं, पण नडगीकडं कोणी बघतच नाहीये. एकाच पायाला दुखतं का? जाहिरात आल्यापासून पळणं एकदम वाढवलं का? बोटानं दाबलं तर एकाच ठिकाणी कळ जाते, की पूर्ण रेषेत दुखतं?

खाकी_हवी
डावा पाय. रेषेतच, आतल्या बाजूनं. हो, पळणं वाढवलंय, वेळच कुठं आहे? चोपडा-यावल रोडला कडेनं पळते, ट्रकमुळं मध्ये जाता येत नाही. मैदानावर काळी माती, पाऊस झाला की बुटाला पावशेर चिकटते.

नर्सताई_जळगाव
मग नव्या बुटानं नडगी थांबणार नाही. पळणं एकदम वाढलं की हाडाच्या कडेचे स्नायू आणि आवरण दुखायला लागतं. त्यात रोडच्या कडेला उतार असतो, एक पाय सतत खाली पडतो. सध्या निम्मं पळा, तेही सपाट जागी. शाळेचं ग्राउंड कोरडं असेल तर उत्तम. दुखणं बोटभर जागेत एकवटलं, रात्री पडल्या पडल्या ठणकलं किंवा लंगडायला लागलात तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडं जा. हाडाला बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही पुष्कळदा, म्हणून नॉर्मल आला की लगेच पळू नका. आणि पाळी चुकत असेल, जेवण कमी होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हाडांशी त्याचा संबंध असतो.
सावलीत_बसलेला, तुमच्या वडिलांचा वेगळा धागा काढा. तोवर बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, शिवण बघत जा. शुगरवाल्याला टोचलेलं पुष्कळदा कळत नाही.

धुळेकर_भो
एवढं करून शेवटी 800 मीटरच पळायचंय ना? दोन चकरा. अनवाणी जमलं असतं.

खाकी_हवी
धुळेकर भाऊ, दोन चकरांसाठी 20 मार्क आहेत, तुम्ही या पळून. नर्सताई, पळतोय दादा, धन्यवाद. पाय मोजला, 24 सेमी, उजवा किंचित मोठा. दुकानदार वापरलेला बूट बदलून देणार नाही म्हणतोय. लहान बहिणीला होईल बहुतेक. मुलांचा यूके 6 रविवारी संध्याकाळी बघते. अडीच हजारात तळाला चांगला फोम असलेला बूट मिळतो का, की नाशिकला डेकॅथलॉनच्या दुकानात जावं लागेल?

पळतोय_कधीचा
मिळतो. भाड्याचे पैसे मोज्यांवर घाला. जाड सुती नको, घामानं भिजून घासतात.