बाहेरच्या देशातलं प्रदर्शन बेळगावात का येत नाही?

फ्रेमवाला_शहापूर:
माझं फ्रेमचं दुकान आहे. 2018 च्या जानेवारीत पोराला घेऊन मुंबईला गेलो, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू आलेल्या. पोरगं दुपारी जेवायलासुद्धा बाहेर येईना. पुढं ते प्रदर्शन दिल्लीला गेलं. सरकारनं मनावर घेतलं तर असलं काही आपल्या गावात येईल का? हॉल आहेत की.

खिळा_ते_खिळा:
दादा, नुसत्या हॉलनं भागत नाही. मी मुंबईत चित्रं पॅक करायचं काम केलंय. मूळ भिंतीवरनं चित्र उतरवल्यापासून परत तिथंच टांगेपर्यंत विमा लागतो, आणि हप्त्यातच कंबरडं मोडतं. अमेरिकेत 1975 च्या आणि ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्यानं ही जोखीम सरकार अंगावर घेतं. चित्राला काही झालं तर भरपाई सरकारची. ब्रिटनमध्ये लहान गावातल्या म्युझियमलाही त्याचा फायदा मिळतो. मात्र आधी कुलूप, पहारा आणि खोलीतली हवा तपासून घेतात.

फ्रेमवाला_शहापूर:
हवेचं नाव काढलात म्हणून सांगतो. जुलैत माझ्याकडं जलरंग दुरुस्तीला येतात ते काचेला चिकटूनच. मधे माउंट, म्हणजे चित्र काचेला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट, घातलेला नसतो, कागद ओल पितो, आणि काच काढताना आभाळाचा निळा रंग काचेवरच राहतो. एका हॉलमध्ये आमच्या ओळखीच्या बाईंच्या दोन चित्रांवर तिसऱ्या दिवशी ओल उतरली. विचारायला गेलो तर सही केलेला कागद पुढं केला: ‘चित्रं स्वतःच्या जबाबदारीवर.’ तिकडं सरकार जोखीम घेतं, इथं बाईंनीच घ्यायची!

औंधकर_पाहुणा:
एकदा औंधला जाऊन या. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे, तिथं इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प बघायला मिळतं. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात! आणि लंडनचं कशाला, के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे ही तुमच्याच बेळगावची माणसं. दोघांची चित्रं एका भिंतीवर आणायला विमान लागत नाही.

फ्रेमवाला_शहापूर:
पटलं. पण तीही काचेला चिकटवायची नाहीत मला. अशा प्रदर्शनासाठी सरकारकडं अर्ज करायचा तर आधी त्या हॉलच्या ओलीचा आकडा हातात पाहिजे, अख्ख्या पावसाळ्याचा. अर्ज कन्नडमधे पोरगं लिहील, त्याचं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे. हवेतली ओल मोजायचं मीटर खडेबाजारात मिळतं का, कुणी घेतलंय?