पाचगणीची दफनभूमी राहिलीच की!

या धाग्यात वरती एकाने महाबळेश्वरच्या चर्चबद्दल छान लिहिलंय, पण 'खाली पाचगणीत टेबललँड आणि स्ट्रॉबेरी सोडून काय आहे' हे त्याचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात जरा डोकवा. १८६० च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या गावांमधल्या पठारावर ज्यांनी वसाहत उभी केली, ते जॉन चेसन तिथेच विसावलेत. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओकही त्यांच्याच हौसेचे. गावाची एवढी ओळख ज्याच्यामुळे, त्याच्या थडग्याकडे पर्यटकांची एकही गाडी वळत नाही!

  

थडग्यांचे फोटो काढणार असाल तर एक सांगतो. संगमरवरात शिसं भरून बसवलेली अक्षरं गळून पडतात आणि मागे उरतात नुसती बारीक भोकं. नीट बघितलं तर त्यांवरूनही नाव जुळवता येतं. कोरीव अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात वाचावीत, भर दुपारी काही दिसत नाही. आणि कृपा करून खडू किंवा ॲसिड फासू नका, तारेचा ब्रशही नको. इथल्या पावसात दगड आधीच शेवाळून भुसभुशीत झालेले असतात. नाव लागलं नाही तर चर्चमध्ये दफनाच्या नोंदवहीची चौकशी करा, फादरांची परवानगी घेऊनच.