मदत हवी आहे : मोन्झोन विरुद्ध हॅग्लर, १५ फेऱ्या. गुणपत्रिका कशी भरू?

मंडळी, जुन्या बॉक्सिंगचं वेड असलेला आमचा एक छोटा गट आहे. सध्या तिथे मिडलवेट या वजनगटाच्या जुन्या विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा चालू आहे. चिठ्ठ्या टाकून लढती वाटल्या आणि माझ्या वाट्याला आली कार्लोस मोन्झोन विरुद्ध मार्व्हिन हॅग्लर. दोघंही ऐन भरातले धरायचे आणि लढत जुन्या पद्धतीने १५ फेऱ्यांची. नुसतं 'अमुक जिंकेल' चालत नाही, फेरीवार गुण द्यावे लागतात. रविवारपर्यंत द्यायचंय आणि माझं घोडं सातव्या फेरीपाशी अडलंय.

आकडे बघून काही हाती लागत नाही. मोन्झोनचे ८७ विजय, ३ पराभव, ९ बरोबरी. १९६४ नंतर तो हरलाच नाही. १९७० मध्ये रोमला जाऊन तेव्हाचा विजेता बेन्वेनुतीला त्याच्याच प्रेक्षकांसमोर बाराव्या फेरीत झोपवलं, मग १४ वेळा किताब राखला आणि १९७७ मध्ये विजेता म्हणूनच निवृत्त झाला. हॅग्लरचे ६२ विजय, त्यातले ५२ नॉकआऊट. १९८० मध्ये लंडनला तिथल्याच मिंटरला, तेव्हाच्या विजेत्याला, तिसऱ्या फेरीत संपवलं तेव्हा प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. त्यानंतर १२ वेळा किताब राखला. आता यातून काय ठरवणार?

बरं, दोघांच्या गाजलेल्या विजयांत खालच्या वजनातून वर आलेली माणसं भरपूर. इकडे ग्रिफिथ आणि नापोलेस, तिकडे दुरान आणि हर्न्स. म्हणून मी बेनी ब्रिस्कोला पकडलं. फिलाडेल्फियाचा हा पक्का मिडलवेट दोघांशीही लढलाय. मोन्झोनशी १९६७ मध्ये बरोबरी, १९७२ मध्ये ब्यूनॉस आयर्सला १५ फेऱ्यांनंतर गुणांवर हार. पण त्या दुसऱ्या लढतीची नववी फेरी बघा. ब्रिस्कोचा ठोसा असा बसला की मोन्झोन हलला होता, पुढचा काही वेळ त्याने मिठ्या मारून काढला. १९७८ मध्ये हॅग्लरने याच ब्रिस्कोला १० फेऱ्यांत गुणांवर हरवलं.

माझी अडचण अशी. मोन्झोन ताठ उभा राहतो, डोकं मागे ठेवतो, लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकत राहतो आणि समोरचा त्यात गुंतला की मागून सरळ उजवा येतो. वरवर संथ वाटतं, पण अंतर कायम त्याच्या ताब्यात असतं. हॅग्लर डावखुरा, जॅब उजव्या हाताचा, शिवाय मध्येच पवित्रा बदलतो. उंचीत तो कमी असला तरी हाताची लांबी जवळपास तेवढीच. मग पहिल्या पाच फेऱ्या कुणाच्या? आणि हॅग्लरने हर्न्सला तीन फेऱ्यांत उडवलं, तो पुरावा इथे चालेल का?

(मोन्झोनने १९८८ मध्ये बायकोचा खून केला, त्यासाठी त्याला शिक्षाही झाली. त्याचं कौतुक करायला बसलेलो नाही, प्रश्न फक्त रिंगमधला आहे.)

प्रतिसाद १

हर्न्सचा पुरावा बाजूला ठेवा. हर्न्स उंच होता, पण पहिल्या घंटेपासून स्वतःच भिडला. त्या फेरीत मोन्झोन असता तर दोन पावलं मागे गेला असता, हॅग्लर जवळ आल्यावर मानेला हात घालून मिठी मारली असती, आणि पंचाने सोडवलं की पुन्हा जॅब.

ब्रिस्कोबद्दल तुम्ही वय विसरताय. १९७२ मध्ये तो २९ चा होता, हॅग्लरसमोर आला तेव्हा ३५ चा. त्या लढतीतून घ्यायचं ते एवढंच, की हॅग्लरला अंगावर न जाता लांबून खेळूनही जिंकता येतं. नेमकं तेच इथे त्याला महागात पडेल. लांबून खेळायचा खेळ मोन्झोनचा आहे. पहिल्या पाचपैकी चार मोन्झोनला देऊन टाका.

प्रतिसाद २

चार जास्त होतात, तीन द्या. पण हॅग्लर सुरुवातीला फेऱ्या सोडून देतो हे खरंच. लेनर्डसमोर १९८७ मध्ये पहिल्या फेऱ्या उजव्या हाताच्या पवित्र्यात फुकट घालवल्या आणि शेवटी एका पंचाच्या फरकाने किताब गेला. ती लढत १२ फेऱ्यांची होती. दुरानविरुद्ध १५ होत्या. तेराव्या फेरीनंतर दोन पंचांच्या कागदावर दुरान पुढे होता, आणि हॅग्लरने शेवटच्या दोन फेऱ्या काढून सामना वाचवला. त्यामुळे चौदावी-पंधरावी त्याच्याकडे झुकते, असं तुम्ही म्हणाल.

थांबा मात्र. १९७६ मध्ये वाल्डेझला मोन्झोनने चौदाव्या फेरीतच खाली पाडलं होतं. तोही शेवटी दमत नाही. १९७७ च्या वाल्डेझबरोबरच्या लढतीवरून अंदाज बांधू नका. तिथे दुसऱ्या फेरीत मोन्झोन स्वतः खाली बसला होता, पण तो निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा मोन्झोन. तुमच्या नियमात १९७२-७३ चा बसतो.

हॅग्लरची संधी मधल्या फेऱ्यांत आहे, सहा ते अकरा. आत शिरून बरगड्यांवर काम केलं तर मोन्झोनचे हात खाली येतील. माझा कौल मोन्झोन, दोन गुणांनी. कुणीही नॉकआऊट होणार नाही, दोघांच्या हनुवट्या तशा नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, बराच गुंता सुटला. पहिल्या पाचात तीन-दोन मोन्झोन, सहा ते अकरा चार-दोन हॅग्लर, शेवटच्या चारात तीन मोन्झोनला. म्हणजे फेऱ्या ८-७, एका गुणाने मोन्झोन. बाराव्या फेरीबद्दल अजून मन खात नाही असं नाही, पण लिहून टाकतो.

आता एकच राहिलं. रिंगमधला पंच मलाच निवडायचाय. मिठ्या लगेच सोडवणारा घेतला तर मोन्झोनची निम्मी विश्रांती जाते आणि अख्खी गुणपत्रिका उलटते. मिठ्या किती चालू द्यायच्या, यावर कुणी बोलेल का?